बापूंनी आणलेला गडू

"तुमच्या त्या काचेच्या नळीला खोटं बोलता येतं का रे?" माईंनी मला विचारलं.

"विद्यार्थ्याच्या हातात दिली तर येतं," मी म्हणालो. "एरवी नाही."

माई हसल्या नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मग "मेला चावट" म्हणायच्या. त्या दिवशी त्या खाटेवर एका कुशीला वळून पडल्या होत्या. पोटात पाणी झालेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी 'घरीच बरं वाटेल त्यांना' असं म्हणून परत पाठवलं होतं, आणि या वाक्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. सर्वांत आधी माईंना.

खाटेच्या पायथ्याशी राजंदेकर सर उभे होते. सर म्हणजे माईंचा धाकटा मुलगा यशवंत, आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे ज्याला प्राध्यापकाचा पगार मिळत नाही आणि शिपायाचा मानही मिळत नाही, असा मनुष्य.

"माई, पाणी कुठलं आहे हे रसायनशास्त्र सांगत नाही," सर म्हणाले. हे ते सकाळपासून सांगत होते असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. "त्यात काय आहे, तेवढं सांगतं."

"आपल्या विहिरीच्या पाण्यात मीठ आहे का नाही?"

"आहे."

"आणि गंगेच्या?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"अरे, वर्गात पोरांना विचारतोस तेव्हा उत्तर पाहिजे असतं ना तुला?"

"गंगेच्या पाण्यात फार नाही," सर म्हणाले.

"मग झालं तर. देवघरातला गडू काढ."

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी जमीन काळीभोर, कापूस उत्तम, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवी सून पहिले काही महिने माहेरच्या पाण्याच्या आठवणीनं रडते. लोक समजतात आईच्या आठवणीनं. या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की नळीत दही लागतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना क्लोराइड दाखवायला आम्हाला वेगळं मीठ विरघळवावं लागत नसे. कोणाच्याही विहिरीवरून तांब्याभर आणलं की काम भागायचं.

आमचा धंदाच तो होता. पाण्यासारखं दिसणारं काहीतरी नळीत असतं आणि त्याच्या पोटात काय आहे ते गोडीगुलाबीनं काढून घ्यायचं. कार्बोनेट फार उतावळं, ॲसिडचा वास लागताच फसफसतं. सल्फेट बेरियम क्लोराइड दाखवल्याशिवाय तोंड उघडत नाही. नायट्रेट तपकिरी कडं दाखवतं, पण नळीला धक्का लागला की नवरीसारखं नाहीसं होतं. क्लोराइड त्या मानानं सरळ. पांढरं फटक, कोणालाही दिसेल असं. पण सरांचा नियम असा की, या सगळ्यांच्या आधी ब्लँक करायचं. म्हणजे स्वच्छ नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, त्यात तेच रसायन टाकायचं, आणि काहीही होत नाही हे डोळ्यांनी पाहायचं. "काहीही होत नाही हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं काही झालं असं म्हणू नये," सर म्हणत. आमच्या प्राचार्यांच्या कारकिर्दीलाही हे वाक्य लागू करून पाहावं, असं मला फार वाटे.

देवघरातला गडू मी तोवर अनेकदा लांबून पाहिला होता. तांब्याचा, मुठीएवढा, तोंड झाळून बंद केलेला. काशीहून असे गडू आणतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या घटकेपर्यंत देवाजवळ ठेवतात, हे कोणालाही ठाऊक असतं. हा गडू बापूंनी, म्हणजे सरांच्या वडिलांनी आणलेला. बापूंना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या तोंडात मात्र हे पाणी घातलं गेलं नव्हतं. ते शेतात बसल्या जागी गेले. गडू उघडायला सवड मिळाली नाही.

"बापूंनी कोणत्या कामासाठी आणला हा, तुला माहीत आहे?" माईंनी मला विचारलं.

मला साधारण माहीत होतं. सरांना एक मोठा भाऊ होता, शरद. नागपूरला शिकत असताना विषमज्वरानं गेला. सर तेव्हा शाळेत होते.

"शरदच्या अस्थी घेऊन ते काशीला गेले," माई म्हणाल्या. "एकटेच. मला नेलं नाही. गेले तेव्हा हातात पिशवी होती. आले तेव्हा पिशवी नव्हती, हा गडू होता. मधलं कोणी पाहिलं?"

"माई, दमशील," सर म्हणाले.

"दमायचंच राहिलं आहे आता. मोहरीर, तू सांग. काशी करून आलेला माणूस गावजेवण घालतो, मावंदं करतो. यांनी केलं नाही. काशीचा गंडा नाही, प्रसाद नाही, घाटाची एक गोष्ट सांगितली नाही. मी विचारलं, पाणी कसं होतं? तर म्हणाले, पाण्यासारखं. माझ्या धाकट्या दिरानं, दिगंबरानं, त्यांना भुसावळच्या फलाटावर पाहिलं होतं. बाकावर बसलेले, पिशवी मांडीवर. सकाळी तो जळगावला गेला तेव्हा बसलेले, आणि संध्याकाळी परत आला तरी तिथंच."

"गाडी चुकली असेल," मी म्हणालो.

"दिवसभर चुकते का रे गाडी? भुसावळहून काशीकडे कितीतरी गाड्या." माईंना धाप लागली. वहिनी पुढं झाल्या आणि त्यांनी माईंची मान उचलून उशी नीट केली. प्रमिलावहिनी या सरांच्या पत्नी. लग्न होऊन या घरात आल्यापासून माईंचं सोवळंओवळं त्याच सांभाळत होत्या, आणि कुरकूर न करता सांभाळत होत्या. त्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, कुरकूर कशाला, सवय आहे.

"परत आले ते आधी घरी आले नाहीत," माई पुढं म्हणाल्या. "शेतात गेले. बांधावर कडुनिंबाचं रोप लावलं. मग घरी आले आणि पोळी मोडून जेवले. पुढं मरेपर्यंत रोज संध्याकाळी त्या झाडाखाली जाऊन बसले. शरदचं नाव मात्र घरात कधी काढलं नाही. मी काढलं तर उठून जायचे."

आता मला कळायला लागलं.

"मला एवढंच पाहिजे," माई म्हणाल्या. "माझा पोरगा जिथं आहे, तिथं मला ठेवा. काशीत असेल तर काशीला न्या. झाडाखाली असेल तर झाडाखाली. जायच्या आधी मला कळलं पाहिजे, एवढंच. यशवंता, सगळ्या तालुक्याची पोरं तू पास-नापास करतोस, आईचं एवढं काम होत नाही तुझ्याकडून?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मोहरीर, उद्या सकाळी सामान घेऊन या," ते म्हणाले.

*

सिल्व्हर नायट्रेट ही आमच्या प्रयोगशाळेतली एकमेव श्रीमंत वस्तू. ते कुलपात असे, आणि ज्यानं ते हाताळलं त्याची बोटं पुढं आठवडाभर काळी राहत, त्यामुळे चोरी लपत नसे. मी ती बाटली, नायट्रिक ॲसिड, अमोनिया, ड्रॉपर, टेस्ट ट्यूबचा लाकडी रॅक आणि डिस्टिल्ड वॉटर असं सगळं पिशवीत घालून सकाळी सरांच्या दारात उभा राहिलो.

"भाऊजी, तिथंच थांबा," वहिनी आतून म्हणाल्या. त्या सोवळ्यात होत्या. "चपला काढा, पाय धुवा. सामान पडवीत ठेवा, मी आत घेते."

मी पाय धुतले. त्या घरी पाय धुणं म्हणजे पायांना मीठ लावणंच. नगरपालिकेचा नळ आला होता, पण तोटीच्या आत चामड्याचा वायसर असतो असं माईंना कोणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून नळाचं पाणी फक्त धुण्याभांड्यांपुरतं. सोवळ्याला विहीरच. सर आणि मी पडवीत चहा घेत बसलो. सरांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच ठेवून दिला.

"ओठांवर एक थेंब टेकवून पाहिला तर?" मी विचारलं. "खारट की गोड, तिथल्या तिथं कळेल."

"मीही तेच म्हणालो. माई म्हणाली, उष्टं होईल. गंगा असली तर तिच्या तोंडात घालायचं पाणी आहे ते." सरांनी बशी बाजूला सरकवली. "मोहरीर, मला आशा काय वाटते ते विचारू नका. ज्याचा निकाल आपल्याला हवासा वाटतो, ती परीक्षा आपण करू नये. पण दुसरा कोण करणार इथं?"

आत गेलो तेव्हा माईंच्या खाटेशेजारी पाट मांडलेला होता. त्यावर पितळेच्या परातीत रॅक आणि बाटल्या देवासारख्या मांडून ठेवल्या होत्या. रॅकला हळदीकुंकू तेवढं लावायचं राहिलं होतं. गडू सरांनी स्वतः आणला. झाळलेलं तोंड त्यांनी करवतीच्या पात्यानं कापलं. तांब्याची एक लहानशी कड निघाली आणि खाली पडून वाजली. आत पाणी होतं. इतक्या वर्षांत थोडं उडालं असेल, पण होतं.

"डिस्टिल्ड वॉटर?" सरांनी परातीत पाहत विचारलं.

"ते बाहेर राहिलं आहे," वहिनी म्हणाल्या.

"आणू का?" मी उठलो.

"आता काय त्याचं?" माई म्हणाल्या.

"आधी कोरी नळी पाहायची असते, माई. त्यात काही होत नाही ना, हे बघून..."

"यशवंता, ज्यात काही होणार नाही ते बघायला मला सवड नाही रे."

ज्यांनी ज्यांनी ब्लँक करायचं टाळलं त्यांना सरांनी परीक्षेत नापास केलं होतं. त्यात एका संचालकाचा भाचाही होता. सरांनी आईकडे पाहिलं आणि मला बसायची खूण केली.

त्यांनी गडूतलं पाणी ड्रॉपरनं नळीत घेतलं. नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकले. कार्बोनेट असलं तर त्यानं आधीच निघून जावं, मध्ये लुडबुड करू नये, यासाठी ते असतं. मग सिल्व्हर नायट्रेट. सरांचा हात थरथरत नव्हता. मी आजवर पाहिलेल्यांत सर्वांत स्थिर हात तो होता.

पहिला थेंब पडला आणि नळीत ढग उतरला. दुसऱ्या थेंबाला पांढरं घट्ट झालं आणि गुठळ्या होऊन तळाला बसू लागलं.

सरांनी अमोनिया घातला. गुठळ्या विरघळल्या आणि पाणी पुन्हा नितळ झालं. क्लोराइडच, दुसरं काही नाही. एखादा विद्यार्थी असता तर सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"सांग," माई म्हणाल्या.

"मीठ आहे, माई."

"आपल्या विहिरीसारखं?"

"तसंच म्हणावं लागेल."

"म्हणजे गंगा नाही."

"नाही."

माईंनी डोळे मिटले. वहिनी घाईनं पुढं झाल्या, पण तसं काही नव्हतं. माईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सर मला नंतर म्हणाले की शरद गेला तेव्हाही त्यांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"इतकी वर्षं मी त्यांना दगड म्हटलं," माई म्हणाल्या. "तोंडावर म्हटलं. पोराला पाण्यात टाकून आलात आणि जेवायला बसलात, तुम्ही माणूस नाहीत म्हटलं. ते ऐकून घ्यायचे. अरे, त्यांच्याने टाकवलंच नाही रे. भुसावळला बसून राहिले, परत घेऊन आले त्याला, आणि गडूत घरचंच पाणी भरलं. मला सांगायची लाज वाटली असेल." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "वेडा माणूस. बायकोला सांगायला काय लाजायचं?"

त्यांनी भिंतीवरचा बापूंचा फोटो काढून खाटेसमोर लावायला सांगितला. सरांनी तो लावला. थोडा तिरका लागला, तर माई म्हणाल्या, राहू दे, ते तसेच उभे राहायचे.

*

त्यानंतर माई फार दिवस राहिल्या नाहीत, पण जेवढ्या राहिल्या तेवढ्या फोटोशी बोलत राहिल्या. मी भेटायला गेलो की मलाही बापूंच्या गोष्टी सांगायच्या. बापूंना भेंडीची भाजी आवडत नसे आणि नव्या नवरीनं केली म्हणून त्यांनी ती कशी पहिला महिनाभर मुकाट्यानं खाल्ली. त्यांच्या पायात खिळा गेला तेव्हा ते कसे पोरासारखे ओरडले. एकदा म्हणाल्या, "मोहरीर, मेलेल्या नवऱ्याशी भांडण मिटतं म्हणून कोणी मला सांगितलं असतं तर मी हसले असते."

शेवटच्या दिवशी वहिनी गडू घेऊन खाटेजवळ आल्या. माईंनी हातानंच नको म्हटलं. विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. "शिळं कशाला, ताजं द्या," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. सरांनी चमच्यानं विहिरीचं पाणी घातलं.

अस्थी झाडाखाली ठेवायच्या म्हटल्यावर नातेवाइकांत कुजबूज झाली. दिगंबरकाका खास अकोल्याहून आले आणि म्हणाले, मी त्यांना फलाटावर पाहिलं एवढंच सांगितलं होतं, त्याचा एवढा अर्थ कोणी काढायला सांगितला? गुरुजींना विचारलं. त्यांनी शास्त्रात सोय शोधून दिली. शास्त्रात सोय असतेच, शोधणाऱ्याला आधी दोन वेळा नाही म्हणावं लागतं इतकंच. सर, वहिनी, गुरुजी आणि मी असे शेतावर गेलो. कडुनिंब आता चांगला मोठा झाला होता. त्या खाऱ्या जमिनीत दुसरं एकही झाड नव्हतं. सरांनी खड्डा केला, माठ फोडला, अस्थी मातीत मिसळल्या, वर माती लोटली आणि पाणी घातलं. वहिनींनी जमिनीला हात टेकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आता शरददादांजवळ आहेत."

सर परतताना सबंध रस्ता माझ्याशी विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमाबद्दल बोलले.

*

तेरावा झाल्यावर वार्षिक प्रात्यक्षिकं तोंडावर आली आणि कॉलेजात सिल्व्हर नायट्रेटची आठवण झाली. मी दुपारी सरांकडे गेलो. सर पडवीत बसले होते, डोक्यावर नुकते कुठं केस फुटू लागलेले. वहिनींनी सामान आणून माझ्यापुढं ठेवलं. रॅक, बाटल्या, ड्रॉपर. डिस्टिल्ड वॉटरची बाटली मी भरून आणली होती तशी भरलेली.

"सगळं घासून ठेवलं आहे, भाऊजी. मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात?"

"तुमच्या नळ्या फार नाजूक बाई. त्या दिवशीही माझा जीव थोडाथोडा होत होता, धुताना फुटतील म्हणून."

सरांनी मान वर केली. "कोणत्या दिवशी?"

"गडू उघडला त्या दिवशी. कॉलेजातलं सामान, कोणाकोणाचे हात लागलेले, आणि त्यात गंगेचं पाणी घालायचं. माईंनी मला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. मी पहाटे पाणी शेंदलं, सोवळ्यात सगळ्या नळ्या धुतल्या आणि तशाच परातीत मांडल्या. पुसल्या नाहीत, फडकं ओवळं होतं ना."

वहिनी हे अगदी सहज बोलत होत्या. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

"विहिरीच्या पाण्यानं?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या कोणत्या पाण्यानं धुणार सोवळ्यात?"

मला आठवलं, परातीतल्या नळ्या चमकत होत्या. ओल्या काचेसारख्या चमकत होत्या. क्लोराइड होतं यात आम्हा दोघांना शंका नव्हती. ते कोणाचं, हे सिल्व्हर नायट्रेटला कळत नाही.

"चहा टाकतेस का?" सर म्हणाले.

वहिनी क्षणभर तिथंच उभ्या राहिल्या. "काही चुकलं का माझं?"

"नाही. चहा टाक."

त्या आत गेल्यावर सर देवघरातून गडू घेऊन आले. त्याच्या तोंडावर वाटी पालथी घातलेली होती. "मोहरीर, डिस्टिल्ड वॉटर उघडा," ते म्हणाले.

आम्ही पडवीतच मांडलं. तीन नळ्या डिस्टिल्ड वॉटरनं सरांनी स्वतः धुतल्या, पुन्हा धुतल्या, आणि प्रत्येक वेळी झटकल्या. मी विहिरीवरून तांब्याभर पाणी आणलं. पहिल्या नळीत डिस्टिल्ड वॉटर. दुसरीत विहीर. तिसरीत गडू. ॲसिड. मग सिल्व्हर नायट्रेट.

पहिलीत काही झालं नाही. सरांनी ते पुरेसा वेळ पाहिलं. दुसरीत दही लागलं. तिसरीत आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

"तुम्हाला काय दिसतं?" सरांनी विचारलं. "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही राहिला."

"धुरकट आहे, सर."

"गुठळी?"

"नाही. काचेवर श्वास सोडल्यासारखं आहे, तेवढंच."

"दोन थेंब अजून टाका."

मी टाकले. तेवढंच राहिलं. कोणतंही गोड पाणी, नदीचं म्हणा, तेवढंच धुरकटतं. ते भुसावळच्या बाजारात विकत घेतलेल्या गडूतलंही असू शकेल, हे मी नाकारत नाही. पण घरची विहीर नक्की नव्हती, आणि ज्या निकालावर माईंना झाडाखाली ठेवलं तो निकाल हा नव्हता.

सर रॅकसमोर बसले. "बापू गेले होते तर," ते म्हणाले. "दिवसभर बाकावर बसले, आणि मग गेले." थोडं थांबून म्हणाले, "शरद तिथं आहे."

माई कुठं आहेत हे दोघांनाही माहीत होतं.

"सर, अजूनही तिथली थोडी माती घेऊन..." मी सुरुवात केली.

"आणि हिला काय सांगू? कशासाठी चाललो काशीला?"

आत कपबशा वाजल्या. सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रॉपर उचलला, तांब्यातलं विहिरीचं पाणी घेतलं, आणि तिसऱ्या नळीत सोडलं. एकदा, दोनदा. नळीत ढग उतरला आणि गुठळ्या होऊन खाली बसू लागला. शेजारच्याच्या नळीतलं आपल्या नळीत ओतताना पकडलेल्या एका पोराला सरांनी वर्षभर घरी बसवलं होतं. त्याचे वडील माझ्याकडे रदबदलीला आले होते, आणि मी त्यांना सांगितलं होतं की या माणसापुढं इलाज नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"पुन्हा केलंत?"

"हो. स्वच्छ नळ्या घेऊन."

"काय आलं?"

"तेच."

वहिनींनी नळ्यांकडे पाहिलं. दोन पांढऱ्या होत्या, सारख्याच पांढऱ्या. "ही विहीर?"

"हो."

"ही गडूतली?"

"हो."

"माझ्या धुण्यानं काही झालं नव्हतं तर?"

"काही नाही," सर म्हणाले. "विहिरीचंच पाणी होतं ते. आधीपासून."

सरांचे हात मांडीवर होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते हलताना दिसले, आणि वहिनींनाही दिसले असावेत, कारण त्या बराच वेळ हातांकडेच पाहत होत्या. मग त्या रॅकपाशी बसल्या. गडू उचलला, उजव्या हाताचा खळगा करून त्यात थोडं पाणी ओतलं, आणि तीर्थ घ्यावं तसं प्यायल्या. ओला हात डोळ्यांना लावला, केसांवरून फिरवला.

सर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मीही पाहत होतो.

"खारट आहे," वहिनी सरांना म्हणाल्या. "अगदी आपल्या विहिरीसारखं."

सरांनी मान हलवली. वहिनींनी त्यांचा चहा त्यांच्या हातात दिला, माझा माझ्यापुढं सरकवला, आणि गडू घेऊन त्या आत गेल्या.